पाऊण तासाचं दुःख

औषधांच्या दुकानाच्या बाजूने एक अरुंद जिना वर जातो. बावीस पायऱ्या चढलं की काचेचं दार लागतं. दारावर लांब केसांच्या बाईचं चित्र चिकटवलेलं आहे, उन्हाने तिचं नाक कधीच उडून गेलंय. आत दोन फिरत्या खुर्च्या, केस धुवायचं बेसिन, वाफेचं यंत्र आणि पडद्यामागे फेशियलचा पलंग. हे पार्लर जिचं, तिला गिऱ्हाइकं मॅडम म्हणत, नवरा ‘अगं’ म्हणे आणि माहेरी ती धाकटी. तिचं जे काही झालं ते धाकटी असण्यापायीच झालं, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटीच्या हाताला गुण होता. भुवईला ती असं वळण द्यायची की रडव्या चेहऱ्याची बाईसुद्धा काहीतरी ठरवून आल्यासारखी दिसे. पण बायका बावीस पायऱ्या चढत त्या काही नुसत्या भुवयांसाठी नव्हे. त्या धाकटीचं दुःख ऐकायला येत.

दुःख एकच होतं. तिची सख्खी थोरली बहीण, ताई, नऊ वर्षं तिच्याशी बोलत नव्हती.

हे दुःख कामाच्या मापाने मिळे. भुवया करताना दोऱ्याचं टोक दातांत धरावं लागतं, त्यामुळे तिथे फार बोलायची सोय नाही. तरी एक भुवई संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या फटीत धाकटी एवढं म्हणून घेई, “पाठची बहीण हो मी तिची. नऊ वर्षांत तोंड पाहिलं नाही तिने माझं.” आणि दोरा परत दातांत. आपल्याच बोटांनी कपाळाची कातडी ताणून बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते दोऱ्यामुळे की बहिणीमुळे, कोण सांगणार. केस कापायला बसलात तर पंधरा मिनिटांचा ऐवज. आणि फेशियल केलंत, तर पाऊण तास अखंड, सविस्तर, अगदी पहिल्या दिवसापासून. चेहऱ्यावर लेप लावला की धाकटीचा नियम ठरलेला: “सुकेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर भेगा पडतात.” नियम त्वचेच्या भल्याचाच होता. पण असा गप्प पडलेला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवलेला, मधेच ‘पण मग तुम्ही असं का नाही केलंत’ म्हणू न शकणारा श्रोता दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो?

आता खरं काय घडलं होतं ते सांगून टाकू, कारण ते सांगायला पाऊण तास लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी पार्लर सुरू झालं, त्या दिवशी सगळे आले आणि ताई आली नाही. बस. एवढंच. का आली नाही हे धाकटीने विचारलं नाही. ताईने पुढे फोन केला नाही. धाकटी म्हणाली, तिने आधी करावा. तिकडे ताईही बहुधा तेच म्हणाली. आणि वर्षं गेली.

पण एवढ्याशा पिठात पाऊण तासाची पोळी कशी लाटणार? म्हणून पहिल्या वर्षीच्या गोष्टीत ताई नुसती आली नव्हती. दुसऱ्या वर्षी तिने निरोप पाठवला होता की ‘बायकांचे केस उपटायच्या धंद्याला मी येऊ होय?’ चौथ्या वर्षी धाकटी स्वतः समजूत काढायला तिच्या घरी गेली होती आणि ताईने दार उघडलं नव्हतं. सहाव्या वर्षी दार उघडलं, पण जिन्यावरून ढकलून दिलं. आठव्या वर्षापर्यंत जिना बराच उंच झाला होता. हे ती ठरवून खोटं बोलत होती असंही नाही. रोज सांगता सांगता गोष्टीला थोडं मीठ कमी वाटे, मग ती चिमूटभर घाली, आणि दुसऱ्या दिवशी तेच मीठ तिला आठवणीसारखं लागे. ढकलल्याचं सांगताना तिचा डावा गुडघा खरोखर दुखायचा.

उपाय सांगणारे होतेच. नवऱ्याने पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, “अगं, एक फोन कर ना.” त्यावर तिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला, तेव्हापासून तो पेपर वाचतो. एका गिऱ्हाइकाने तर सांगितलं, “अहो, तुमच्या ताई आमच्याच इमारतीत राहतात की! मी निरोप देऊ?” धाकटीचा चेहरा असा उतरला, जणू कुणी दुकानाला कुलूप घालायची भाषा केली. “नको नको,” ती घाईने म्हणाली, “तिला त्रास नको. मी सोसते आहे ना.” आणि त्या बाईचे केस तिने दीड बोट जास्तच कापले.

या सगळ्याला साक्षीदार होत्या काकू. धाकटीच्या कुणी नात्यातल्या नव्हेत. पार्लरमध्ये वॅक्सिंग, मालीश, टॉवेल, चहा, सगळं त्याच बघत. पन्नाशी उलटलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. गोष्टीत जरा अविश्वास दिसला की धाकटी पडद्याकडे हात करून म्हणे, “विचारा काकूंना! त्या होत्या तेव्हा!” काकू पार्लरमध्ये आल्या त्याच उद्घाटनानंतर दोन वर्षांनी, आणि यातलं त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. पण समोर उघड्या दंडावर गरम मेण, मागून मालकिणीची हाक, करणार काय? त्या मान हलवत. सात वर्षं त्यांनी मान हलवली. शेवटी एकदा धाकटीने गोष्टीतल्या जिन्याच्या पायथ्याशी काकूंना उभं केलं आणि आपल्याला उचलून रिक्षात घालायला लावलं. “काकूंची साडी रक्ताने माखली होती!” धाकटी म्हणाली. काकू घरी जाऊन विचार करत बसल्या. मान हलवणं वेगळं, आणि आपल्या साडीवर रक्त वेगळं.

पुढचं धाकटीला फार नंतर कळलं. त्या सोमवारी, पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी, काकू सरकारी दवाखान्यात गेल्या. ताई तिथे केसपेपर काढायच्या खिडकीवर बसत असे. रांगेत पाऊण तास उभं राहून काकूंचा नंबर लागला. ताईने मान वर न करता नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, मग म्हणाली, “त्रास काय होतोय?”

“तुमच्या बहिणीचा,” काकू म्हणाल्या.

ताईचं पेन थांबलं. मागच्या माणसाने ‘सरका की पुढे’ म्हणून हाकारा केला. त्याच्याकडे ताईने असं पाहिलं की तो रांगेत दोन नंबर आपणहून मागे गेला.

गुरुवारी दुपारी फेशियलची वेळ घेतलेली होती. वहीत काकूंच्या अक्षरात नुसतं ‘नवीन बाई’ एवढंच. धाकटी वाफेच्या यंत्राची वायर बदलून घ्यायला खाली गेली होती. परत आली तर काकूंनी बाईंना पलंगावर घेऊन, केसांना पट्टा बांधून, चेहऱ्यावर हिरवट लेपसुद्धा फासून ठेवला होता. डोळ्यांवर कापूस. गळ्यापर्यंत टॉवेल.

“अगं बाई, काकू, तुम्हीच उरकलंत?”

“त्यांना घाई आहे,” काकू म्हणाल्या आणि पडद्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. कान मात्र आत ठेवले.

नवीन गिऱ्हाईक म्हणजे धाकटीच्या अंगात यायचं. ती स्टूल ओढून बसली, थोडं तेल घेतलं आणि बाईंचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळू लागली. “त्वचा छान आहे हो तुमची,” ती म्हणाली, “फक्त बोटांत काळजी जाणवते. माहेरची असेल. माझी पण माहेरचीच आहे.” आणि झाली सुरुवात.

उद्घाटनाचा दिवस झाला. तो ‘केस उपटायचा धंदा’ झाला. बंद दारासमोर धाकटी भर उन्हात अडीच तास उभी राहिली. पूर्वी एकच तास होता. पलंगावरच्या बाई निश्चल. फक्त लेपाला नाकाच्या बाजूला एक बारीक भेग गेली.

“हलू नका हं,” धाकटी म्हणाली. “तर काय सांगत होते, दार उघडलं. मी म्हटलं, ताई, मी तुझी पाठची बहीण गं! तर तिने दोन्ही हातांनी... असं... मला... जिन्यावरून...”

कपाळावर दुसरी भेग गेली. मग गालावर. मग हनुवटीवर, आणि हिरवी ढलपी टॉवेलवर पडली. बाईंचं पोट हलत होतं. धाकटीला वाटलं, हुंदका. अशी समरस झालेली श्रोती नऊ वर्षांत मिळाली नव्हती. तिने आवाज आणखी खाली आणला. आणि तेव्हा तिच्या अंगठ्याला त्या हाताच्या तळव्यावर, करंगळीखाली, एक जुना व्रण लागला. चंद्रकोरीसारखा. अंगठा तिथेच थांबला. लहानपणी बरणी फुटली तेव्हा धाकटी काचांत पाय टाकणार होती, आणि कुणीतरी तिला मागे ओढून स्वतः तळव्यावर पडलं होतं. तो व्रण तिने पुढे कित्येक दिवस रोज उलगडून पाहिला होता, बरा झाला का म्हणून. तोंड मात्र आपल्या सवयीने पुढे चाललंच होतं, “...चौदा पायऱ्या, आणि काकूंनी मला...”

“चौदा?” पलंगावरून आवाज आला. “अगं, मी तळमजल्यावर राहते!”

धाकटी स्टुलासकट मागे सरकली. ताई उठून बसली. एक कापूस पडला, दुसरा भुवईला चिकटून राहिला. चेहरा उन्हाळ्यात तडकलेल्या तळ्यासारखा झाला होता.

“जिना कुठून आणलास गं? हाच ना, खालचा? उचलून माझ्या घराला लावलास?”

“तू... तू आत कशी आलीस?”

“पायऱ्या चढून. मला कुणी ढकललं नाही.”

धाकटीला आधी लाज वाटली. लाज सहन होईना तेव्हा राग आला. “जिना राहू दे! तू उद्घाटनाला आली नाहीस हे तर खरं?”

“बोलावलंस कुठे?”

“नाही बोलावलं? चार दिवस आधी फोन केला होता. तू आंघोळीला गेली होतीस. भावोजींना सांगितलं मी. चांगलं दोनदा सांगितलं.”

 लेपाचा उरलेला तुकडा ताईने नखाने काढला. मग पर्समधून फोन काढला, नंबर लावला, आणि आवाज मोठा करून पलंगावर दोघींच्या मध्ये ठेवला.

भावोजी टपाल खात्यात होते. तीस वर्षं गावाची पत्रं त्यांनी ऊनपाऊस न बघता घरोघर टाकली होती, आणि एकही चुकली नाही असा त्यांचा लौकिक होता.

“अहो,” ताई म्हणाली, “नऊ वर्षांपूर्वी धाकटीचा फोन आला होता का हो? पार्लरच्या उद्घाटनाचा?”

पडद्याबाहेर काकू कानावरचा पदर मागे सारून उभ्या राहिल्या.

“आला होता,” भावोजी म्हणाले.

“मग?”

“ते... राहूनच गेलं. तू आंघोळीहून आलीस आणि गॅस संपला होता, त्या गडबडीत.”

“नऊ वर्षं गॅस संपला होता?”

“तसं नाही. आठवडाभराने आठवलं. म्हटलं, आता सांगितलं तर तू चिडशील. महिन्याने म्हटलं, आता जास्त चिडशील. मग दर वर्षी ते वाढतच गेलं.” मग त्यांनी विचारलं, “मी संध्याकाळी घरी यावं, की...?”

ताईने फोन बंद केला. दोघी एकमेकींकडे पाहत बसल्या. आधी कोण हसलं हे काकूंनाही सांगता आलं नाही, कारण तोवर त्याही आत येऊन हसत होत्या. हसता हसता धाकटी रडली, ताई रडली, आणि रडणं जरा लांबायला लागलं तशी काकूंनी टॉवेल पुढे केले, एकेकीला एकेक.

चहा पिताना ताईचं पण बाहेर आलं. खिडकीवर बसून तीही काही मुकी नव्हती. रोजच्या दोनशे रोग्यांतल्या निम्म्यांना तिची धाकटी बहीण माहीत होती. मोठं पार्लर काढल्यापासून बहिणीची ओळख विसरलेली. भर रस्त्यात काळ्या गाडीतून जाताना ताईच्या अंगावर चिखल उडवून काच वर करून घेणारी.

“मला सायकलसुद्धा येत नाही!” धाकटी किंचाळली.

“मला कुठे माहीत?” ताई शांतपणे म्हणाली. “नऊ वर्षांत शिकली असशील.”

आणखी एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. “तू मला ओळखलं नाहीस कसं गं? लेप असला म्हणून काय झालं, हाताभरावर तर होते.” धाकटीने बशी पुसायला घेतली. खरी गोष्ट अशी होती की दोन वर्षांपासून तिला जवळचं धूसर दिसत होतं. भुवया ती सवयीने करत होती, आणि मागच्या महिन्यात एका शिक्षिकेची डावी भुवई उजवीपेक्षा आखूड झाली होती. चष्मा लागला तर गिऱ्हाइकं जातील या धसक्याने तिने हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, काकूंना सांगितलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला दुःख वाटणाऱ्या या बाईकडे खरी अडचण होती ती एकटीच्या पोटात. ताईने दुसऱ्या दिवशी तिला खिडकीशी बोलावलं, रांग मोडून केसपेपर काढला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आठवड्याने धाकटीच्या नाकावर लाल काड्यांचा चष्मा आला. गिऱ्हाईक एकही गेलं नाही. उलट शिक्षिकाबाई म्हणाल्या, बरं झालं, आता दोन्ही सारख्या येतील.

अडचण भलतीकडूनच आली.

“आणि ताई काय म्हणते?” खुर्चीत बसता बसता बाई विचारायच्या.

“मिटलं आमचं,” धाकटी आनंदाने सांगायची.

“मिटलं?” बाई सरळ होऊन बसायच्या. “असं कसं मिटलं?”

मग ती भावोजींच्या विसरण्याची गोष्ट सांगे. ती तीन आठवडे चांगली चालली. गॅस संपल्याच्या जागी बायका टॉवेल तोंडात धरून हसत. पण सुखाची गोष्ट एकदा ऐकली की संपते. दुसऱ्यांदा आलेल्या बाई नुसत्या “हो, सांगितलंत मागे” म्हणून डोळे मिटून घेत. एक जण तर स्पष्ट रागावली. तिने खास पलीकडच्या गावाहून मावसबहिणीला ऐकायला आणलं होतं. धाकटीला मोकळं मोकळं वाटायचं, म्हणजे आधी बरं वाटायचं, मग रिकामं. पूर्वी जाताना प्रत्येक बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून ‘धीर धरा’ म्हणायची. आता फक्त ‘येते’ म्हणायच्या. एका फेशियलला पाऊण तास काय बोलावं या विवंचनेत तिने लेप कशाकशाचा बनतो ते सांगून पाहिलं, तर बाई घोरायला लागल्या. एकदा मोह इतका अनावर झाला की ती बोलून गेली, “चष्मा लागलाय हो मला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर...” पडद्यामागून काकू खोकल्या. “...तर नंबर पावने वाढला असता,” धाकटीने वाक्य कसंबसं जमिनीवर उतरवलं.

अशात एक नवी बाई भुवया करायला आल्या. बँकेत काम करणाऱ्या, नीटनेटक्या. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाल्या, “लवकर करा हं. मन लागत नाही कशात. सहा वर्षं झाली, वहिनी बोलत नाही माझ्याशी. सख्ख्या भावाची बायको!”

धाकटीचा दोरा दातांत होता. तिने उजवी भुवई केली. बाई बोलत होत्या. वहिनीने लग्नातली भेट परत पाठवली होती. नुसती परत नाही, उघडून, वापरून. दुःखाचं दुकानच मांडून बसल्या होत्या बाई, आणि धाकटीला ऐकता ऐकता कळत होतं की यात कुठे चिमूट घातलीय आणि कुठे मूठ. कारागिराला दुसऱ्याचा टाका दिसतोच. उजवी भुवई संपली. दोरा सुटला.

“तुम्ही विचारलंत का त्यांना, का परत पाठवली म्हणून?” धाकटी म्हणाली.

 बाईंनी आरशातून तिच्याकडे असं पाहिलं, जणू दोऱ्याने कातडीच कापली. “मी इथे भुवया करायला आलेय,” त्या म्हणाल्या, पर्स उचलली आणि तरातरा बावीस पायऱ्या उतरून गेल्या.

“घालवलंत गिऱ्हाईक,” काकू म्हणाल्या.

“मी काय वाईट बोलले?”

“वाईट नाही. लवकर बोललात. निदान दुसरी भुवई होऊ द्यायची.”

पंधरा मिनिटं गेली. जिन्यावर पावलं वाजली. दारात त्याच बाई. एका बाजूने रेखीव, दुसऱ्या बाजूने झुडूप. एवढ्या वेळात त्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेपर्यंत गेल्या असाव्यात. त्या खुर्चीत बसल्या, डोकं मागे टेकलं, आणि आपल्या बोटांनी डाव्या डोळ्यावरची कातडी ताणून धरली.

धाकटीने दोऱ्याचं टोक दातांत घेतलं. पण हात लावण्याआधीच बाई छताकडे बघत म्हणाल्या, “नंबर नाही माझ्याकडे तिचा.”

धाकटीने दोरा काढला. “कोणाकडे आहे?”

“भावाकडे.”

“भाऊ बोलतो ना तुमच्याशी?”

“रोज.”

काकूंनी मेणाचं भांडं बंद केलं. आवाज नको म्हणून.

“मग?” धाकटी म्हणाली.

बाईंनी कातडी आणखी ताणून धरली. “आधी भुवई पुरी करा,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”